मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप: निकालाची वाट बघतानाचा रिव्ह्यू

पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी युरोपियन युनियन देते त्या या फेलोशिपचे अर्ज सप्टेंबरात बंद होतात आणि निकाल साधारण फेब्रुवारीत, म्हणजे 5 महिने जीव टांगणीला, पण निदान कधी कळणार ते आधीच माहीत असतं आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण दुसऱ्या एका फेलोशिपच्या पोर्टलवर माझं स्टेटस 11 महिने ‘अंडर रिव्ह्यू’च होतं, मेल केला की ऑटो रिप्लाय, सकाळी उठल्या उठल्या आधी स्पॅम फोल्डर उघडायचे, फार त्रास झाला त्याचा. इथे नाही मिळाली तरी परीक्षकांचे शेरे हातात येतात, 100 पैकी 85 किंवा जास्त मार्क असतील तर सील ऑफ एक्सलन्स, म्हणजे प्रपोजल उत्तम असल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून दुसरीकडे फंडिंग मागता येतं. प्रपोजलचा मुख्य भाग 10 पानांतच बसवा हं, वाढीव पानं परीक्षक बघतच नाहीत.