आधी तिथी, मग तिकीट: नागावमधील एका घरगुती निवासाचा अनुभव

अमळनेरपासून समुद्र तसा फार दूर नाही. ज्या तापीच्या खोऱ्यात आम्ही राहतो, तीच तापी सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते आणि आमच्या स्टेशनातून जाणारी गाडी त्याच सुरतेला पोहोचते. तरीही सत्तरीला टेकलेल्या आईसह आमच्या घरातील कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. कापूस वेचणी, मुलांच्या परीक्षा, कोणाचे तरी लग्न, असे करता करता ते राहूनच गेले होते. यंदा माघ महिन्यात आम्ही सहा जण अलिबागजवळच्या नागाव येथे एका घरगुती निवासात दोन रात्री राहून आलो. प्रथमच समुद्राकडे निघणाऱ्या खानदेशातील कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून त्या निवासाविषयी आणि त्या निमित्ताने कराव्या लागणाऱ्या आखणीविषयी सविस्तर लिहीत आहे.

ठिकाण ठरवताना आमच्यापुढे चार पर्याय होते. डुमस सर्वांत सोयीचे, परंतु तेथील किनारा काळ्या चिखलट वाळूचा आहे आणि मुलांना पाण्यात खेळायचे होते. दमणला वापीवरून जाता येते, पण तेथे आमच्या ओळखीचे कोणी नव्हते. गणपतीपुळ्याचे नाव आईने आधी घेतले होते, मात्र रत्नागिरीपर्यंतचा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपला नसता. अलिबागच्या बाजूने कौल पडण्याचे कारण असे, की रात्रीच्या गाडीने झोपून मुंबई गाठता येते, तेथून बोटीने मांडव्याला उतरता येते आणि समुद्रातला किल्ला पायी चालत जाऊन पाहता येतो. हे ‘पायी चालत’ प्रकरण किती अटींवर अवलंबून आहे, हे मात्र आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते कळले निवासाच्या मालकीणबाईंना पहिला फोन केला तेव्हा. खोली आहे का, असे विचारल्यावर भाडे सांगण्याऐवजी त्यांनी उलट प्रश्न केला, “दादा, गाडीचं तिकीट काढलंत का? नसेल काढलंत, तर आधी पंचांग बघा.” पुढची दहा मिनिटे त्यांनी मला भरती-ओहोटीचे गणित समजावले. या निवासाची सर्वांत मोलाची सेवा मी याच दहा मिनिटांना म्हणेन. किनाऱ्यावरच्या लोकांचा ठोकताळा असा, की त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर सुमारे तीन वाजता, अष्टमी असेल तर सुमारे सहा वाजता, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी व नंतर पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, ती यामुळेच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जितके वर चढते तितकेच खोलवर मागेही हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढत, ना फार उतरत.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून दीडएक किलोमीटर आत खडकावर उभा आहे आणि पूर्ण ओहोटीला तेथपर्यंत चालत जाता येते. परंतु भांगाच्या दिवसांत वाटेवरचे पाणी पुरेसे ओसरेलच असे नाही. आमच्या शेजारचे कुटुंब नाताळच्या सुट्टीत केवळ शनिवार-रविवार पाहून गेले होते. त्यांना नेमकी अष्टमी सापडली आणि लांबून किल्ला पाहूनच ते परतले. मालकीणबाईंच्या सांगण्यावरून आम्ही वद्य द्वितीयेला पोहोचण्याचे आणि तृतीयेला किल्ल्यावर जाण्याचे ठरवले, कारण त्या दिवशी उधाण नुकतेच होऊन गेलेले असते आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास, उन्हाआधी येते. गुरुजींकडे मुहूर्त काढावा तसा आम्ही सहलीचा दिवस पंचांगावरून काढला, आणि तो अचूक ठरला.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. अमळनेरहून एसटीने जळगाव, तेथून रात्रीच्या अमरावती–मुंबई एक्सप्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि टॅक्सीने गेटवे. मांडव्याच्या बोटीच्या तिकिटातच पुढील अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, त्यामुळे ते तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवावे. बोटीचा प्रवास सुमारे तासाभराचा आहे. हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांचा थवा बोटीसोबत उडत येतो आणि मुलांना वेगळे काही दाखवावे लागत नाही. वृद्ध माणसे सोबत असल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी, की बोट धक्क्याला लागली तरी हलत राहते आणि पाऊल टाकताना मधली फट पाहून मन कचरते. खलाशी हात धरून घेतात, पण सामान आधी कोणाच्या तरी हाती देऊन आपले दोन्ही हात मोकळे ठेवावेत. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या या बोटी बंद असतात, तेव्हा त्या दिवसांत हा बेत आखू नये.

निवास म्हणजे नारळ-सुपारीच्या वाडीतले कौलारू घर आणि त्यामागे बांधलेल्या चार खोल्या. खोल्या स्वच्छ होत्या, चादरी धुतलेल्या होत्या आणि वाडीतल्या सावलीमुळे दुपारीसुद्धा पंख्यावर भागत होते. फेब्रुवारीतही जळगावकडचे ऊन सोसलेल्या आम्हांला ती सावली फार सुखाची वाटली. जेवण घरच्यांच्याच स्वयंपाकघरातून येई. आम्ही माळकरी, त्यामुळे मासळीचा प्रश्न नव्हता आणि ते त्यांनी पहिल्या फोनवरच लिहून घेतले होते. आमच्यासाठी वेगळी भांडी वापरल्याचे आईने स्वतः स्वयंपाकघरात डोकावून पाहिले, तेव्हाच ती निर्धास्त जेवली. वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदा हा पहिल्या दिवसाचा बेत होता. त्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तो खरोखरच इतका सौम्य असतो, की मुलांनी तो काकडीसारखा खाल्ला. दुसऱ्या रात्री वाडीतच पोपटी लावली. मातीच्या मडक्यात भांबुर्डा या रानटी झुडपाचा पाला, वालाच्या शेंगा आणि बटाटे भरून ते मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा, ही तिची रीत. हा पदार्थ थंडीतच मिळतो आणि केवळ त्यासाठी माघ महिना निवडावा, इतका तो चांगला असतो.

येथे एक प्रसंग नोंदवणे आवश्यक वाटते, कारण निवासाची पारख त्यातूनच झाली. आईने निघताना पिशवीत भरताची हिरवी वांगी घेतली होती. परगावी पाहुणे म्हणून जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हा तिचा नियम. मालकीणबाईंनी अंगणातली चूल तिच्या स्वाधीन केली. आमच्याकडे वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात, तेथे ती नारळाच्या सोडणांवर भाजली. हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून केलेले ते भरीत त्यांच्या घरच्यांनी तांदळाच्या भाकरीसोबत खाल्ले आणि कृती वहीत उतरवून घेतली. पैसे देऊन राहायला आलेल्या माणसाला आपली चूल वापरू देणे हे मोठ्या हॉटेलात कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही.

तृतीयेच्या सकाळी सात वाजता आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. आईला घोडागाडीत बसवले आणि आम्ही ओल्या वाळूतून चालत निघालो. मध्ये एकदा गाडी थांबवायला लावून आई खाली उतरली, ओंजळभर पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “इतलं पानी कथाईन उनं?” म्हणजे, एवढे पाणी कुठून आले? थोड्या वेळाने तिने स्वतःच उत्तर दिले, की आपल्या तापीमायचेही यात असेलच. किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाले. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला, आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी येथे फसली. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा, अशी ती योजना असल्याचे सांगतात. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आतल्या विहिरीचे पाणी गोडे आहे. सिद्धिविनायकाच्या मंदिरात आई अर्धा तास बसून राहिली. साडेनऊच्या आत परत फिरा, असे मालकीणबाईंनी बजावले होते आणि आम्ही ते पाळले. जाताना जेथे पाणी नव्हते, तेथे परत येताना घोट्याएवढे पाणी आलेले होते. भरती चढू लागल्यावर ती किती वेगाने येते, याची कल्पना नदीकाठच्या माणसाला येत नाही, म्हणून हे ठळकपणे सांगत आहे.

पाण्यात खेळण्याविषयीही तेच. गिरणा-तापीत पोहलेल्या माणसाने समुद्रात त्या भरवशावर उतरू नये. ओहोटी सुरू असताना पाणी आत ओढते, म्हणून मुलांना चढत्या पाण्यात आणि तेही गुडघ्यापर्यंतच सोडावे.

परतीच्या वाटेवर अक्षी गावी थांबून तेथील शिलालेख पाहिला. मराठीतील आद्य शिलालेखांपैकी तो एक मानला जातो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना तो दाखवायलाच हवा. नागावचे वॉटर स्पोर्ट्स आम्ही केले नाहीत.

आता निवासातल्या उणिवा. इंटरनेटवरील छायाचित्रे पाहून घर किनाऱ्यालगत आहे असे वाटते. प्रत्यक्षात वाडीतून दहा-बारा मिनिटे चालावे लागते, आणि आईला त्यासाठी दोनदा वाटेत बसावे लागले. फोनवर इतके सारे सांगणाऱ्या बाईंनी हेही सांगायला हवे होते. अंघोळीचे पाणी मचूळ असल्याने साबणाला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात. पिण्याच्या पाण्याचे जार वेगळे असतात, पण पहिल्या दिवशी ते आम्हांला मागावे लागले. संध्याकाळी वाडीत डास फार असतात. मच्छरदाण्या होत्या, त्यांपैकी एक फाटलेली होती आणि ती सांगूनही बदलली गेली नाही. शनिवारचे भाडे इतर दिवसांपेक्षा जास्त आहे, हे हिशेबाच्या वेळी कळले. रक्कम मोठी नव्हती, परंतु ती आधी सांगणे योग्य झाले असते. मी हे सारे त्यांच्या कानावर घातले आणि त्यांनी ते न रागावता ऐकून घेतले.

एवढे असूनही पुन्हा जायचे झाल्यास मी याच घरी उतरेन. वृद्ध माणसे सोबत असतील तर अंगणाकडची, पायरी नसलेली खोली फोनवरच मागून घ्यावी, किनाऱ्यापर्यंत रिक्षाची सोय होईल का ते विचारावे आणि शनिवारचे भाडे लिहून मागावे. तिथी मात्र द्वितीया ते चतुर्थी यांमधलीच धरावी, मग पक्ष शुद्ध असो की वद्य. आणि त्यातही सुट्टीचा दिवस जुळत नसेल, तर पंधरा दिवस थांबावे.