जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ: बदललेल्या गुडघ्याने चालून पाहिला

एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी स्वारगेट डेपोतून. स्टेअरिंगवर बसलेल्याला फुटपाथ म्हणजे रस्त्याची कड, आणि कडेला उभा असलेला माणूस म्हणजे एक तर हात करणारा प्रवासी, नाही तर मध्येच आडवा येणारा. मार्चमध्ये उजवा गुडघा बदलला, रोज चालायला सांगितलं, हातात काठी आली, आणि कडेला उभा राहणारा मीच झालो.

फिजिओच्या मुलीने एक मंत्र दिलाय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आपले फुटपाथ दर वीस पावलांवर कुणाच्या तरी गेटसाठी खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. प्रत्येक वेळी थांबायचं, काठी टेकायची, कुठला पाय ते आठवायचं. आमच्या भागात घरापासून मेडिकलपर्यंत असे चौदा चढउतार मोजले, म्हणून शेवटी रस्त्यावरूनच चालायला लागलो. ही म्हणाली, "अहो, जरा जंगली महाराज रस्त्यावर जाऊन बघा, तिथे बरं आहे म्हणतात." रिक्षाचे पैसे खर्चून चालायला जाणं मला पटत नव्हतं, तरी गेलो. आतापर्यंत नऊ वेळा जाऊन आलोय.

या रस्त्याची कीर्ती पुण्यात सगळ्यांना पाठ. १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने बांधला, दहा वर्षांची हमी दिली, आणि हमी संपल्यावरही वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही. नवीन माणसाला हा किस्सा सांगितल्याशिवाय पुणेकर त्याला या रस्त्यावरून नेत नाही. पण रुंद, सरळ, गुळगुळीत आणि एकेरी रस्ता समोर आला की पाय आपोआप दाबला जातो, हे ड्रायव्हर म्हणून मी खात्रीने सांगतो. त्यात बेदरकारपणा असतोच असं नाही. रस्ताच तसं सांगत असतो. उलट वरंधा घाटात वेगमर्यादेची पाटी वाचून कुणी गिअर उतरवत नाही. वळण दिसतं, कठडा जवळ येतो, समोरून ट्रक येईल अशी धास्ती असते, आणि हात आपसूक गिअरवर जातो. गाडी पाटीमुळे हळू होत नाही, डोळ्यांसमोर जे दिसतं त्यामुळे होते.

२०१६ साली पुण्यात पादचारी धोरण मंजूर झालं, आणि त्याच सुमारास या रस्त्याच्या फुटपाथाचं नवं काम सुरू झालं. करणाऱ्यांना घाटाची ही गोष्ट ठाऊक असावी असं चालताना वाटतं. फुटपाथ भरपूर रुंद केलाय, जुनी झाडं न तोडता त्यात सामावून घेतलीत. गाड्या लावायला खिशासारख्या जागा काढल्यात. जिथे खिसा संपतो तिथे फुटपाथ रस्त्यात पुढे येतो, म्हणजे डांबर अरुंद होतं आणि ड्रायव्हरला कड जवळ दिसते. शिवाय ओलांडणाऱ्याला कमी अंतर कापावं लागतं. सिग्नलचा हिशोब साधारण सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाचा धरतात. मी त्याच्या निम्म्यानेच चालतो. पंधरा मीटर ओलांडायला धडधाकट माणसाला साडेबारा सेकंद, मला पंचवीस. त्यातले तीन मीटर जरी फुटपाथाने आधीच गिळले, तरी माझे पाच सेकंद वाचतात. पाच सेकंद म्हणजे काय, ते दिवा बदलल्यावर मागून हॉर्न वाजायला लागला की समजतं.

कडेची उंची मी माझ्या पद्धतीने मोजली. रस्ते कसे बांधावेत हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात ती १५ सेंटीमीटरच्या वर नसावी असं आहे. माझी वीत वीस सेंटीमीटरची. संभाजी उद्यानापाशी काठी बाकाला टेकवून बसलो, वाकून दगडाला वीत लावली, अंगठा आणि करंगळी दोन्ही टेकेनात, म्हणजे कड वीतभरही उंच नाही. जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "आजोबा, काही पडलं का?" म्हटलं, नाही, मोजतोय. त्या पुढे गेल्या आणि दोनदा मागे वळून बघितलं.

बसायला जागा आहे हे सगळ्यात मोठं सुख. नव्या गुडघ्याला दर दहा मिनिटांनी बूड टेकावं लागतं, आणि इथे त्यासाठी चहा विकत घ्यावा लागत नाही. मुलांना खेळायची साधनंही फुटपाथावरच आहेत. बालगंधर्व रंगमंदिरापासून पुढे पाताळेश्वर लेण्यापर्यंत सकाळी नऊच्या आत गेलात तर सावली आणि शांतता दोन्ही मिळतात.

आता तक्रारी. संध्याकाळी सातनंतर जाऊ नका. सायकलींसाठी ठेवलेल्या पट्ट्यात सायकल सोडून सगळं असतं. मागून मोपेड येते आणि हॉर्न वाजवते, फुटपाथावर, मला! गाड्या अडवायला लावलेल्या दोन खांबांमधून काठीवाला माणूस जातो तर हँडलही जातं, कारण ते तिरकं घालायला पोरांना शिकवावं लागत नाही. दुसरं म्हणजे सैल झालेल्या फरश्या. पावसात पाय पडला की खालचं पाणी पिचकारीसारखं पायजम्यावर. आणि या चांगल्या फुटपाथावरून खाली उतरून बाजूच्या गल्लीत वळलात की तुम्ही पुन्हा आपल्या नेहमीच्या पुण्यात.

आमच्या गल्लीचंही सांगतो, कारण त्यात माझी सही आहे. दोन वर्षांपूर्वी पोरं गाड्या दामटतात म्हणून गतिरोधक हवा असा अर्ज आम्ही सगळ्यांनी केला, सगळ्यात वर नाव माझं. एका रात्रीत डांबराचा एक उंचवटा येऊन पडला, ना पट्टे, ना पाटी. नियमात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे गाडी त्यावर चढते आणि उतरते. आमचा नुसता बांध होता. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मला घरी आणणारी रिक्षा त्यावर आपटली. मी जे ओरडलो ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं. पोरं मात्र कडेच्या गटाराच्या झाकणावरून बांध चुकवून त्याच वेगाने जायची, अजून जातात.

जंगली महाराज रस्ता बघून आल्यावर परवाच्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी फक्कीने रेघ मारली. कोपरा इतका मोकळा आहे की माझी बस न थांबता वळली असती. रेघेच्या आत सोसायटीतल्या अकरा कुंड्या मांडल्या, म्हणजे वळण काटकोनात आलं. कचऱ्याची गाडी वळते का तेवढं स्वतः उभं राहून पाहिलं, वळली. स्कूटरवाले कोपऱ्यावर ब्रेक लावायला लागले. दूधवाला थांबून म्हणाला, "काका, हे काय, इथे लग्न आहे का?"

जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथाला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा संध्याकाळच्या मोपेडवाल्यांनी खाल्ला, एक फरश्यांनी. कुंड्या संध्याकाळी ज्याच्या त्याला परत कराव्या लागल्या, तुळशीची तर ही दुपारीच घेऊन गेली.