निकॉन झेड सिक्स थ्री: लग्न, नाटक आणि गिरगावच्या उन्हात नऊ महिने

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मुंबईच्या बोरा बाजारातून निकॉनच्या या कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतली. आता लग्नसराई उरकलीय, पाऊस दाराशी आलाय, आणि तिच्याबद्दल खात्रीनं काही लिहावं एवढं काम हातून झालंय. मी लग्नाच्या ऑर्डरी करतो, नाटकांचे फोटो काढतो, आणि छोट्या ऑर्डरीत व्हिडिओ आणि स्टिल दोन्ही एकटाच सांभाळतो. नुसता वाइल्डलाइफ किंवा नुसता स्टुडिओ करणाऱ्यानं माझं मत जरा बेतानं घ्यावं.

झेड सिक्स थ्री जून २०२४ मध्ये आला. २४.५ मेगापिक्सेल, फुल फ्रेम (सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मच्या आकाराचा). घेताना मला तीन-चार जणांनी सांगितलं, अरे, मेगापिक्सेल तेवढेच आहेत, मग अडीच लाखांच्या आसपास पैसे कशाला घालतोस? प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, वाचला जाण्याच्या वेगात आहे. साध्या सेन्सरमध्ये चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचलं जातं. पूर्ण स्टॅक्ड सेन्सरमध्ये वेगवान सर्किट चित्राच्या भागाच्या मागे थरात असतं, आणि त्याची किंमत भारी पडते. या कॅमेऱ्यात ते सर्किट चित्राच्या भागाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला बसवलंय, म्हणून याला पार्शली स्टॅक्ड म्हणतात. निकॉनच्या आकड्यांप्रमाणे आधीच्या झेड सिक्स टूपेक्षा हा साधारण साडेतीन पट वेगानं वाचतो. या कॅमेऱ्यात मला जे जे आवडलं ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून आलंय, आणि जे खटकतं तेही.

नाटकापासून सुरू करतो, कारण पैसे वसूल झाल्याचं मला पहिल्यांदा तिथं वाटलं. दादरच्या शिवाजी मंदिरात तिसरी घंटा झाली की फोटोग्राफर हा कोपऱ्यात नको असलेला माणूस असतो. यांत्रिक शटरचा खटका शांत प्रवेशात चौथ्या रांगेपर्यंत जातो, आणि रंगमंचावरच्या नटाला तो सगळ्यात आधी ऐकू येतो. माझ्या जुन्या बॉडीत सायलेंट मोड होता, पण सेन्सर ओळीओळीनं सावकाश वाचला जायचा आणि तेवढ्यात झटकन वळणाऱ्या नटाचा हात वाकडा यायचा, म्हणून मी टाळ्या किंवा हशा येईपर्यंत बोट रोखून बसायचो. म्हणजे ज्या क्षणासाठी तिकिटाच्या रांगेत लोक उभे राहतात तोच माझ्याकडे नसायचा. आता दोन-अडीच तासांचा अख्खा प्रयोग इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता आवाजाशिवाय, काढतो. मागची स्क्रीन उलटी करून बंद, चित्र फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये, त्यामुळे शेजारच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत उजेड जात नाही. परवा एका प्रयोगानंतर नाटकातल्या बाईंनी मेकअप रूममध्ये विचारलं, "तुम्ही आज आला नव्हतात का?" माझ्या कामाला इतकी चांगली दाद क्वचित मिळाली असेल.

इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्यानं मुंबईत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की ट्यूबलाइट आणि साधे बल्ब त्रास देत नाहीत. खरा त्रास एलईडीचा. हॉलच्या स्टेजमागची एलईडी वॉल, मंडळाच्या आरासीतल्या पट्ट्या, डीजेचे पार लाइट, हे सगळे आपापल्या वेगळ्याच वेगानं लुकलुकतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. यासाठी मेनूत हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन, म्हणजे लुकलुक कमी करायची सोय, आहे. ते चालू केलं की शटर अगदी बारीक टप्प्यांनी हलवता येतं. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत चाक फिरवत जायचं. पट्टे आधी जाड दिसतात, मग सावकाश सरकायला लागतात, मग फिकट होत एका जागी नाहीसे होतात. तिथं थांबायचं. लालबागमध्ये मंडपात शिरल्यावर माझं पहिलं काम हेच असतं, गर्दी ढकलत असली तरी. दहा सेकंद जातात आणि रात्रभराचे फोटो वाचतात.

हा वेग लग्नात वेगळ्याच ठिकाणी कामाला येतो. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरीचा चेहरा एकदाच उजळतो, आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी अक्षता टाकणारा हात मध्ये येतो. प्री-रिलीज कॅप्चरमध्ये शटर अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा मागच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम धरून ठेवतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्या कार्डवर उतरतात. "शुभमंगल सावधान"चा शेवटचा सूर लांबला की मी बोट अर्धं दाबतो. अडचण एवढीच की हे सगळं जेपेगमध्ये मिळतं, नंतर मोकळेपणानं सुधारता येणाऱ्या रॉ फाइलमध्ये नाही, त्यामुळे एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधीच नेमका लावावा लागतो. हॉलमध्ये पिवळे झुंबर आणि निळे फोकस एकत्र असतील तर मी हा मोड वापरत नाही. साध्या बर्स्टवर (बटण दाबून ठेवून सलग फोटो) रॉमध्ये सेकंदाला २० फ्रेम मिळतात, त्या पुरतात.

फोकसबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण आपल्या लग्नात फोकसची परीक्षा मुंडावळ्या घेतात. मोत्यांच्या त्या दोन सरी डोळ्यांच्या अगदी पुढ्यात डोलत असतात, आणि कॅमेऱ्याच्या लेखी जवळची, चमकणारी, हलणारी वस्तू तीच असते. इथं पीपल डिटेक्शन (माणूस ओळखायची सोय) चालू ठेवलं की फोकसची चौकट मोत्यांमधून डोळ्यावर जाऊन बसते आणि नवरीनं मान खाली घातली तरी बहुतेक वेळा सुटत नाही. ८५ एमएमच्या लेन्सवर एफ १.८ ला, म्हणजे लेन्स पुरती उघडी ठेवून, मात्र मी हे करत नाही, कारण फोकसमध्ये राहणारा पट्टा इतका अरुंद असतो की डोळा धारदार आणि नथ मऊ येते. आणि नथ मऊ आलेली आमच्या क्लायंटना अजिबात चालत नाही. एफ २.८ वर दोन्ही मिळतात. कॅमेरा नऊ प्रकारचे विषय ओळखतो, त्यात ट्रेन आणि विमानंही आहेत. मला माणूस लागतो, आणि शिवडीला फ्लेमिंगो आले की पक्षी. बाकीचे मी हात लावून पाहिले नाहीत.

व्ह्यूफाइंडर. दुकानात त्याचा अंदाज येत नाही, गुढीपाडव्याला गिरगावातल्या शोभायात्रेत आला. सकाळी दहानंतर ऊन डोक्यावर, ढोल-ताशाचं पथक पुढून येतंय, नऊवारीतल्या बायका बुलेटवर, आणि पाठीमागून भगव्या फेट्यांची रांग. व्ह्यूफाइंडरची ४००० निट्स उजळता म्हणजे काय ते तेव्हा कळलं. डोळा बाहेरून आत नेला तरी आत अंधार वाटला नाही, आणि फेट्याचा भगवा भगवाच दिसला, विटकरी नाही. रंगांची कक्षा डीसीआय-पी३ (सिनेमाच्या पडद्याचं रंगांचं मानक) एवढी आहे, म्हणून पैठणीचा जांभळा आणि काठाचा जर यांतला फरक फोटो काढतानाच दिसतो. आधी मी प्रत्येक दहा फोटोंनंतर मान वळवून स्क्रीनवर सावली धरून बघायचो. ती सवय दोन महिन्यांत आपोआप गेली.

आता वेगाची किंमत. कमी आयएसओवर (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कमी ठेवली असता) काळोख्या भागातली माहिती या सेन्सरमध्ये साध्या सेन्सरच्या मानानं थोडी कमी असते. आयएसओ वाढला की तो फरक राहत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की भर दुपारी लॉनवर नवरदेवाचा काळा बंदगळा आणि पांढरा मांडव एका फ्रेममध्ये घेऊन नंतर एडिटिंगमध्ये सावल्या खूप उजळायची सवय असेल तर ती सोडावी. मी जागेवरच एक्स्पोजर जास्त काळजीनं धरतो, जवळ असेन तर फ्लॅश मारतो. लँडस्केप करणाऱ्या मित्राला मी हा कॅमेरा सुचवला नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये, मंडपात, रंगमंचावर काम करणाऱ्याला ही उणीव जाणवणार नाही, कारण आपण तिथं आयएसओ १०० वर कधी असतोच?

व्हिडिओत ६के ६० फ्रेमपर्यंत एन-रॉ (निकॉनचा रॉ व्हिडिओ) थेट कॅमेऱ्यात होतं. ऐकायला छान आहे, पण कार्डं आणि हार्ड डिस्क बघता बघता भरतात, आणि लग्नाच्या पाच तासांच्या फुटेजला ते परवडत नाही. मी सगळं एच.२६५ १०-बिटमध्ये (लहान फाइलचा प्रकार), एन-लॉगवर काढतो; एन-लॉग म्हणजे नंतर रंग चढवण्यासाठी फिकं ठेवलेलं चित्र. मार्च २०२४ मध्ये निकॉननं सिनेमाचे कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेण्याची घोषणा केली, आणि पुढे एन-लॉगसाठी रेडनं बनवलेले लट (रंगांचे तयार साचे) मोफत दिले. माझं निम्मं ग्रेडिंग, म्हणजे रंग चढवायचं काम, आता तिथूनच सुरू होतं. हळदीच्या वेळी मात्र सावध राहावं लागतं. ओली हळद, पिवळी साडी आणि दुपारचं ऊन एकत्र आलं की एकूण एक्स्पोजर ठीक दिसत असतानाही लाल रंग आधी फाटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो. नुसत्या झेब्रावर, म्हणजे जास्त उजेडाचा इशारा देणाऱ्या तिरप्या पट्ट्यांवर, विसंबू नका. ४के १२० फ्रेमला चित्र क्रॉप होतं, म्हणजे कडा कापल्या जातात. अक्षता उडतानाचा स्लो मोशन त्यात काढायचा असेल तर दोन पावलं मागे जायची जागा आधीच हेरून ठेवा. मुंबईतल्या हॉलमध्ये दोन पावलं म्हणजे खुर्च्यांची पहिली रांग.

बॉडीवर एक छोटी कळ आहे, फोटो आणि व्हिडिओची. ती सरकवली की दोन्हीकडची शटर-गती आपापली राहते. व्हिडिओ १/५० वर, स्टिल १/२५० वर. मंगलाष्टकं चालू असताना एकट्या माणसाला याचं मोल काय आहे ते एकट्यानं काम करणाऱ्यालाच कळेल.

एक वाईट दिवस सांगतो, त्यात बॉडीचा दोष नव्हता. कार्डाचे दोन खाचे आहेत, एक सीएफएक्स्प्रेस टाइप बीचा, एक एसडीचा. सुरुवातीला मी एक स्वस्त सीएफएक्स्प्रेस कार्ड घेतलं होतं. डोंबिवलीच्या एका वरातीत ते तापलं आणि मध्येच लिहायचं थांबलं. त्या चार मिनिटांत नवरीच्या आजीनं तिची दृष्ट काढली. स्टिल दोन्ही कार्डांवर जात होते म्हणून तो एक फोटो राहिला, व्हिडिओ नाही. आजी दोन महिन्यांनी गेल्या. त्या घरी अल्बम द्यायला गेलो तेव्हा मुलीनं सगळ्यात आधी त्याच पानावर हात ठेवला. कार्ड चांगलंच घ्या. बॉडीच्या बजेटमध्येच ते धरा.

बॅटरी जुन्याच आकाराची, ईएन-ईएल१५सी. दोन्ही कामं एकत्र असली तर मला दिवसाला तीन लागतात. टाइप-सी वरून पॉवर बँकेवर चालतो, त्यामुळे हॉलच्या प्लगसाठी केटरिंगवाल्यांशी वाद होत नाही. बॅटरी-कार्डासकट वजन साधारण ७६० ग्रॅम, २४-१२० एफ ४ लावून सेकंड क्लासमध्ये उभ्यानं बॅग छातीशी धरता येते. जुन्या स्क्रू-ड्राइव्ह लेन्स (ज्यांत स्वतःची फोकस-मोटर नसते) असतील तर लक्षात घ्या, निकॉनच्या जुन्या लेन्स जोडायच्या एफटीझेड अडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. माझी एक तशी लेन्स आता हातानं फोकस करून पोर्ट्रेटपुरती वापरतो.

पावसाबद्दल: विसर्जनाच्या दिवशी चौपाटीवर दोन सरी अंगावर घेतल्या, कव्हर घालून. काही झालं नाही. मला भीती पावसापेक्षा एसी हॉलची वाटते. थंडगार हॉलमधून एकदम वरातीसाठी रस्त्यावर आलात की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी परत येते. निघायच्या वीस मिनिटं आधी कॅमेरा बॅगेत घालून चेन बंद करायची आणि बॅग बाहेर मांडवात ठेवायची, कुणाला तरी राखणीला बसवून. या आठवड्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्यात, आणि दोन लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये हलवायच्यात, कारण परळच्या आमच्या घरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीलाही पाणी सुटतं.