डायलॉग न मारणारे फौजी : फारसे कोणी न पाहिलेले युद्धाचे पाच पिक्चर

दर पाच मिनिटाला फौजी छातीवर हात मारून डायलॉग फेकतो, मागून ढोल वाजतात अन् एकटा माणूस पन्नास जणांना लोळवतो, असे पिक्चर पाहून कंटाळले असाल तर हे वाचा. नसाल कंटाळले तर सोडून द्या, कारण खालचे पिक्चर तुम्हाला बोअर होतील हे आधीच सांगून ठेवतो. मी हे बहुतेक रात्रीच्या विजेच्या लाइनवर पाण्याची मोटर चालू करून बगीच्यातल्या खोलीत मोबाइलवर पाहिलेत, त्यामुळे पडदा, साउंड वगैरेबद्दल मला विचारू नका.

पहिला नंबर 'टँजरीन्स'चा, २०१३ चा, एस्टोनिया अन् जॉर्जिया या दोन देशांनी मिळून काढलेला, झाझा उरुशाद्झे नावाचा डायरेक्टर. आता आम्ही वरूड तालुक्यातले, म्हणजे संत्र्याचा पिक्चर म्हटल्यावर पाहणं आलंच. १९९२ ची गोष्ट आहे, जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझियात लढाई पेटली, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारे एस्टोनियन लोक गाव सोडून परत गेले अन् दोन म्हातारे तेवढे मागे राहिले. मार्गुसचा संत्र्याचा बगीचा आहे, माल झाडावर पिकून उभा, तोडायला मजूर नाही. इव्हो नावाचा दुसरा म्हातारा त्याच्यासाठी लाकडाच्या पेट्या ठोकत बसतो. बाहेर गोळीबार चालू अन् यांना फळगळीचं टेन्शन. एक मेजर आपले जवान तोडणीला पाठवतो म्हणतो, तेही भरवशाचं नाही. आमच्याकडं कोणी म्हणंन की जीव वाचवून पळायचं सोडून हा माल कायले पाहून रायला, पण ज्यानं संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे अख्ख्या हंगामाचं पीक, हातातून जाताना पाहिला असंन तो असं म्हणणार नाही. मार्गुसचं म्हणणंही तेच आहे, पैशापेक्षा एवढं पीक वाया जाणं त्याला सहन होत नाही.

मग दारातच चकमक होते अन् दोन जखमी उरतात, एक चेचेन, म्हणजे रशियातल्या चेचन्याचा, पैसे घेऊन अबखाझियाकडून लढणारा अहमद अन् दुसरा समोरच्या बाजूचा जॉर्जियन निको. इव्हो दोघांनाही आपल्याच घरात ठेवतो. अहमदला उठता येत नाही पण म्हणतो याला मारणारच, माझा दोस्त मारला यांनी. इव्हो त्याच्याकडून शब्द घेतो की माझ्या घरात नाही मारायचं. एवढ्या एका शब्दावर पिक्चर चालतो, एकाच टेबलावर दोघं चहा पितात अन् एकमेकाला शिव्या घालतात. अन् एक सीन तर मी तीनदा मागे घेऊन पाहिला, हे म्हातारे मेलेल्यांची गाडी लपवायला उतारावरून ढकलतात अन् ती गडगडत खाली जाऊन नुसती पडते. एक जण म्हणतो, मला वाटलं भडका उडंन. तर इव्हो म्हणतो की तसं पिक्चरमध्ये होतं. बस्, एवढ्यात सगळ्या मोठ्या बजेटवाल्यांचा हिशोब करून टाकला त्यानं. दीड तासाच्याही आत संपतो. ऑस्करच्या शेवटच्या पाचात होता, तरी आपल्याकडे कोणाला माहीत नाही.

दुसरा 'बॅलड ऑफ अ सोल्जर', रशियन, १९५९ चा, दुसऱ्या महायुद्धावरचा, ब्लॅक अँड व्हाइट. डायरेक्टर ग्रिगोरी चुखराय स्वतः त्या युद्धात लढलेला, जखमी झालेला, अन् ते जाणवतं. अल्योशा १९ वर्षांचं पोट्टं. एकटा असताना दोन रणगाडे उडवतो अन् जनरलला खरं सांगून टाकतो की मी घाबरलो होतो. मेडल द्यायची गोष्ट निघते तर हा म्हणतो मेडल राहू द्या, मला घरी जाऊ द्या, मायच्या घराचं छप्पर गळतंय. सहा दिवस मिळतात, दोन जायला, दोन यायला, दोन छपराला. पावसाळ्याच्या आधी ज्यानं छपरावरचे कवेलू फेरले त्याले इथं काही समजावून सांगायची गरज नाही.

पुढे सगळा प्रवासच आहे, मालगाडीत गवतावर लपून, पहारेकऱ्याला मांसाचे डबे चारून. वाटेत एक अनोळखी जवान बायकोला द्यायला साबण देतो, पलटणीजवळ होत्या नव्हत्या त्या दोन वड्या. अल्योशा पत्ता शोधत जातो तर बायको दुसऱ्याबरोबर राहू रायली. हा साबण ठेवून जिना उतरतो, मग परत वर जाऊन साबण उचलतो अन् त्या जवानाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो, वर पोरगा कसा शूर अन् सगळे त्याला किती मानतात असं खोटंही सांगतो. लढाई पहिल्या काही मिनिटांतच संपते अन् युद्ध मात्र शेवटपर्यंत दिसत राहतं. पोट्टं परत येणार नाही हे पिक्चर सुरुवातीलाच सांगतो, त्यामुळे मी काही फोडलं नाही.

माझा चुलत भाऊ फौजेत आहे, सुट्टीवर आला तेव्हा त्याला हा दाखवला. युद्धाचे पिक्चर तो पाहत नाही, म्हणतो तिथं तेच अन् इथंही तेच काऊन पाहू. पण हा पूर्ण पाहिला. शेवटी एवढंच बोलला, "हे खरं हाय. सुट्टीचे दिवस गाडीतच जाते." अन् परतीचं तिकीट वेटिंगवरून पुढं सरकलं का ते पाहत बसला.

'लँड ऑफ माइन', डॅनिश, २०१५. दुसरं महायुद्ध संपल्यावर डेन्मार्कच्या किनाऱ्यावर जर्मनांनी पेरलेले सुरुंग जर्मन कैद्यांकडूनच काढून घेतले, त्यातली कित्येक तर मिसरूड न फुटलेली पोरं. पिक्चरमध्ये १४ पोरं अन् एका किनाऱ्यावर ४५,००० सुरुंग. वाळूवर पालथं पडायचं, काडीनं टोचत टोचत सरकायचं, सापडला की हातानं फ्यूज काढायचा. म्युझिक नाही काही नाही, मी इथं मोबाइल दूर धरून पाहत होतो. पोटात अन्न नाही म्हणून जनावरांचं खाद्य चोरून खातात अन् आजारी पडतात. त्यांच्यावरचा सार्जंट आधी निव्वळ राक्षस वाटतो, पुढे बदलतो, अन् तो बदल मला जरा ठरवून केल्यासारखा वाटला. पण पुलगावच्या दारूगोळा डेपोत ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली, जवान अन् आग विझवणारे गेले, हे आठवत असंन त्याला हा पिक्चर लांबचा वाटणार नाही. लढाई नसतानाही दारूगोळा सांभाळणारा मरतो. लेकरांसोबत पाहू नका.

आपल्याकडचा '१९७१', अमृत सागरचा, २००७ चा. मनोज वाजपेयी, रवी किशन, मानव कौल, कुमुद मिश्रा, दीपक डोब्रियाल एवढे लोक असून थेटरात चालला नाही, नॅशनल अवॉर्ड मिळालं तरी नाही. आपण त्या युद्धानंतर ९३,००० कैदी परत केले अन् आपले काही तिकडंच राहिल्याचं म्हणतात, सरकारी यादीत ५४ नावं होती. पिक्चरमधले सहा जण १९७७ मध्येही तिकडं कैदेत आहेत अन् पळायचा प्लॅन करतात. पहिला अर्धा तास सुस्त आहे, पाकिस्तानी अफसर जरा जास्तच डोळे वटारतात, पण बर्फातली पळापळ सुरू झाली की मोबाइल खाली ठेववत नाही. आपल्याच देशानं आपल्याला विसरून जावं ही भीती वाजपेयीच्या तोंडावर दिसते, त्याला डायलॉग लागत नाही. सबटायटलची भानगड नाही म्हणून घरच्यांसोबत पाहायला हाच बरा, बाकी परदेशी तिन्हींना इंग्रजी वाचत बसावं लागते, मी आईला पॉज करू करू सांगितलं अन् तिनं मधातच झोप काढली.

'क्या दिल्ली क्या लाहौर' विजय राजनं २०१४ मध्ये काढला. १९४८, सीमेवरची एक चौकी, एक पाकिस्तानी जवान जो मूळ दिल्लीचा अन् एक हिंदुस्थानी फौजेतला खानसामा जो मूळ लाहोरचा. आयडिया जबरदस्त, पण नाटक पाहू रायलो असं वाटते अन् मधे दोघं एकच भांडण फिरवून फिरवून भांडतात. विजय राज आवडत असंन तर पाहा, नाहीतर तेवढ्या वेळात 'टँजरीन्स' दुसऱ्यांदा होतो.