काळा झगा, काळं हेल्मेट: भाड्यानं आणावं, विकत घ्यावं की शिवावं?

नोव्हेंबरात भाचा घरी येऊन म्हणाला, “मावशी, गॅदरिंगला मला डार्थ व्हेडर व्हायचंय. तू शिवशील ना?” व्हेडर म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला काळ्या झग्यातला, काळ्या हेल्मेटातला खलनायक. मी हो म्हणून बसले. ब्लाउज, परकर, झबली शिवणाऱ्या हाताला एक झगा काय जड, असं वाटलं. त्याला आता दोन वर्षं झाली. हा पोशाख मी दोनदा उभा केला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बरा जमला. सांगली-मिरजेत आणखी कुणी या फंदात पडणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात सोपी वाट भाड्याची. सांगलीत नाटकाचे कपडे भाड्यानं मिळणं ही काही नवलाई नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच रंगवलं, तेव्हापासून या गावाला सोंगाचं वावडं नाही. पण भाड्याच्या दुकानात मावळा मिळतो, यमराज मिळतो, वासुदेव मिळतो. व्हेडर मागितला की “तो कुठल्या नाटकात असतो?” असं विचारतात. मी एका ठिकाणाहून यमाचा काळा झगा आणून पाहिला. भाच्याच्या पोटरीपर्यंतच आला, आणि कडेला सोनेरी लेस होती ती उसवू द्यायला मालक तयार नव्हता. त्याचंही बरोबरच. शाळेतल्या पोराला दहा मिनिटं स्टेजवर उभं करायचं असेल तर भाड्याचा झगा आणि बाजारातला प्लास्टिकचा मुखवटा पुरे, त्यासाठी मशीन उघडू नका.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार संचाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कापड चकचकीत सॅटिन, छातीवरच्या पेटीऐवजी छापलेलं चित्र, मुखवटा पुढून अर्धा आणि मागून रबर. फोटोत लांबून चालतं. शेजारी उभं राहिलं की नाही.

उरलं शिवणं. त्याआधी मूळ पोशाख नीट बघा. 1977 च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’चे कपडे जॉन मोलो यांनी केले आणि त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. आत टिपा मारलेला चामड्याचा सूट, त्यावर छातीची पेटी, खांद्यांची कवचं, पट्टा, एक लांब बिनबाह्यांचा आतला झगा, आणि सगळ्यांवर बाहेरचा घोळदार झगा. यात एक बारकी गोष्ट आहे आणि शिवणाऱ्याच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. 1977 मध्ये आतला झगा खांद्याच्या कवचांवरून खाली येतो. 1980 च्या पुढच्या चित्रपटात तो कवचांच्या खाली गेलाय आणि कवचं उघडी दिसतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं डोळे झाकून 1977 चा घ्यावा. कवचाची कड वाकडी कापली गेली असली तरी कापडाखाली खपून जाते. 1980 चा करायचा तर कवचाला गाडीसारखी चकाकी आणावी लागते, आणि ते काम शिंप्याचं नाही, पेंटरचं.

चामड्याचा सूट मी सरळ वगळला. रेक्झिनचा करता येतो, पण मे महिन्यात सांगलीत रेक्झिन घालून उभं राहायचं म्हणजे भट्टीत बसणं. काळ्या जाड टी-शर्टवर आणि ट्रॅक पँटवर पातळ फोम ठेवून गोधडीसारख्या समांतर टिपा मारल्या. झग्याखालून जेवढं दिसतं तेवढ्याला पुरतं.

आता कापड. इथं माझी पहिली चूक झाली. कापड पेठेतून कॉटन पॉपलिन आणलं. ते स्वस्त होतं, शिवायला गुणी होतं, पण तासाभरात चुरगळलं आणि अंगावर पडण्याऐवजी तंबूसारखं फुगून राहिलं. क्रेप छान पडतो, पण स्टेजच्या दिव्यात पातळ वाटतो. जाड सुटिंग सगळ्यात भारदस्त दिसतं, पण वजन गळ्यावर येतं. शेवटी मिरजेत बुरख्याचं कापड विकणाऱ्या दुकानात गेले, आणि आधीच इथं का आले नाही असं झालं. ‘निदा’ नावाचं जे कापड तिथं मिळतं ते गर्द काळं, चमक नसलेलं आणि जड न होता खाली वाहणारं. काळ्यातही दहा काळे असतात, हे त्या दुकानदाराइतकं कुणाला कळत नाही. दोन्ही झग्यांचं कापड एकाच ताग्यातून घ्या. नाहीतर उन्हात एक काळा निळसर दिसतो आणि दुसरा तपकिरी.

बाहेरच्या झग्यासाठी अर्धवर्तुळ कापावं की कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद तुकडे, जोडाव्यात, हा खरा प्रश्न. अर्धवर्तुळाला शिवण कमी, पण साडेपाच फुटांच्या माणसाला गळ्यापासून घोट्यापर्यंत 56 इंच आणि गळ्याचे 6 धरले तर 62 इंचांची त्रिज्या लागते. 58 इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, ती बसत नाही, जोड द्यावाच लागतो आणि तो नेमका पाठीवर दिसतो. कळ्यांचं बरं पडतं. एक बाजू सरळ आणि एक तिरकी अशी कळी, वर 5 इंच, खाली 24, शिवणीची जागा धरून. उलटसुलट मांडल्या की 58 इंच पन्ह्यात चार बसतात. सव्वातीन मीटरात आठ कळ्या निघतात आणि खालचा घेर साधारण 184 इंच होतो. जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला लावायची. तिरक्याला तिरकी लावली की ती शिवण ओढ घेऊन लोंबते. आणि खालची घडी लगेच मारू नका. झगा दोन दिवस हँगरला टांगून ठेवा, तिरकं कापड जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्या, मग पायाशी माप घ्या. आतल्या झग्याला पावणेतीन मीटर लागलं. म्हणजे एकूण सहा मीटर.

स्वतः शिवायचं की शिंप्याकडे द्यायचं? सरळ टिपा येत असतील तर आतला झगा घरीच करा, त्यात काही नाही. बाहेरचा मात्र मी दुसऱ्या खेपेला शिवून घेतला. लेडीज टेलरकडे नाही, ब्लाउजच्या कटोरीत वाकबगार असलेला माणूस एवढ्या कापडाला घाबरतो. कोर्टाजवळ वकिलांचे गाऊन शिवणारे मास्तर बघा. खांद्यावर बारीक चुण्या घालून जड काळं कापड तोलायचं कसं, हा त्यांचा रोजचा धंदा. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी चित्र बघून पहिला प्रश्न विचारला, “ताई, टोपी आणलीय का? डोकं आधी आणा, गळा मग काढू.”

हा एक प्रश्न मला वर्षभर आधी पडला असता तर पॉपलिनचा झगा वाया गेला नसता. हेल्मेटचा घुमट मागे आणि बाजूला जवळजवळ खांद्यापर्यंत पसरतो. गळ्याशी चुण्यांचा ढीग झाला की मान वळतच नाही, आणि मान न वळणारा खलनायक पोलीस चौकीतल्या पुतळ्यासारखा दिसतो. हेल्मेट घालून, बूट घालून, मगच गळा आणि लांबी. व्हेडरच्या कपड्यात वावरणारे डेव्हिड प्राउस साडेसहा फूट होते. आपल्या साडेपाच फुटी पोराच्या अंगावर तेवढंच हेल्मेट म्हणजे काठीवर उपडं मडकं. त्यावर उपाय दोन. खांद्यांना स्पंज देऊन रुंदी वाढवायची आणि बुटात टाच घालायची. झग्याचं वजन गळ्यातल्या साखळीवर टाकू नका, गळा कापतो. आत एक घट्ट बंडी शिवा आणि झगा खांद्यांवर हुकांनी तिला अडकवा. साखळी नुसती दिसायला.

हेल्मेटवर पैसे आणि डोकं दोन्ही खर्च होणार आहे, म्हणून इथं घाई नको. चित्रकार राल्फ मॅक्वॅरी यांनी या पात्राला मुखवटा दिला तो अंतराळात श्वास घेता यावा म्हणून. गंमत अशी की तो घालणाऱ्यालाच श्वास मिळत नाही. थ्रीडी प्रिंट सगळ्यात हुबेहूब. भाच्याच्या मित्रानं तुकड्यांत छापून दिलं, घासून रंगवण्यात तीन रविवार गेले. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंशाला मऊ पडतं. एप्रिलात ते हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलं आणि संध्याकाळी घुमट एका बाजूला बसलेला मिळाला. फोमचं हलकं होतं, पण कडांना धार येत नाही. फायबरचं टिकाऊ, गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर साचा असेल तर काढून देतात, वजन मात्र मानेला कळतं.

दुसऱ्यांदा आम्ही कागदाच्या लगद्याचं केलं. हसू नका. आपल्या सांगलीच्या गणपती मंदिरातला चोर गणपती कागदाच्या लगद्याचाच आहे. लगदा, डिंक, थोडी खडू-पूड, फुग्यावर चार थर, वाळवून सँडपेपर, वर कारचा काळा रंग. मुखवटा वेगळा आणि घुमट वेगळा करायचा, मूळ हेल्मेटही दोन भागांचंच आहे. त्यामुळे घाम पुसायला वरचा भाग पटकन काढता येतो. हुबेहूबपणात ते प्रिंटच्या मागे राहतं, हे कबूल. पण हलकं, खर्च जवळजवळ शून्य, आणि गाडीत विसरलं तरी वितळत नाही. फक्त पावसात नेऊ नका.

डोळ्यांच्या काचा वाफेनं धुरकटतात. हनुवटीपाशी कॉम्प्युटरचा छोटा पाच व्होल्टचा पंखा बसवून त्याची वायर झग्यातून खिशातल्या पॉवर बँकेला दिली की दिसायला लागतं.

तेव्हा एका रात्रीच्या गॅदरिंगसाठी झगा घरी शिवा आणि हेल्मेट कागदाचं करा. पुण्या-मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-चित्रपटांच्या चाहत्यांच्या मेळ्याला, जायचं असेल, जिथं लोक जवळ येऊन कडा बघतात, तिथं प्रिंट घ्या आणि झगा मास्तरांकडे द्या. दोन महिने हाताशी नसतील तर शिवण्याच्या नादाला लागू नका, त्यातला एक महिना हेल्मेट वाळण्यात आणि घासण्यात जातो. भाचा आता विचारतोय, पुढच्या वर्षी 1980 चा करायचा का. मी सांगितलंय, आधी खांद्याची कवचं रंगवून दाखव, मग मशीनचं झाकण उघडते.