कडुलिंबाची काडी की ब्रश-पेस्ट?

सोलापुरात अक्कलकोट रोडला राहणारा भाचा परवा विचारत होता, "मामा, आजोबा म्हणतात लिंबाची काडी चावा, आई म्हणते ब्रशच घ्या. नेमकं काय करू?"

खर्चात काडी जिंकते. दारात लिंब असला की फुकट. मऊ ब्रश वीस-तीस रुपयांना मिळतो, पण केस वाकले की किंवा तीनेक महिन्यांनी बदलावा लागतो.

खरा फरक मागच्या दाढांशी. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी रोजची; दाण्याचा कूट दाढेच्या खाचांत गच्च बसतो. काडीचा कुंचला पुढच्या दातांवर छान फिरतो, पण अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला वळतच नाही. लहान डोक्याचा ब्रश तिथं पोचतो. दोन दातांमधल्या फटीत मात्र दोन्ही कमी पडतात, तिथं फ्लॉसचा दोराच हवा.

दुसरं म्हणजे फ्लोराइड. दाताचं वरचं कवच त्यानं टणक होतं, कीड रोखली जाते. ते पेस्टमध्ये असतं (पाकिटावर १००० ते १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग, बघून घ्या), काडीतून पुरेसं मिळत नाही. जोरात घासलं तर हिरड्या दोन्हींनी सोलतात.

मिश्री या तुलनेत धरलीच नाही. ती जाळलेली तंबाखू आहे, तिनं तोंडाचा कॅन्सर होतो. घरात कुणी लावत असेल तर आजच थांबवा.

शेतावर, प्रवासात ब्रश नसेल तर काडी जरूर चावा. लहान मुलं, गोड खाणारे, दात किडलेले, यांनी सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं ब्रशच करावा. आजोबांना काडीची सवय असेल तर सकाळी काडी, रात्री ब्रश.