ठाण्यातल्या वारसा-निसर्ग फेऱ्या : आईसोबतचे आठ महिने

मागच्या ऑक्टोबरात आईच्या आणि माझ्या नावाने ठाण्यातल्या एका गटाचं वर्षभराचं सभासदत्व घेतलं. दोघींचे मिळून १३ हजार. महिन्याला एक फेरी. बस, नाश्ता आणि माहिती सांगणारा जाणकार त्यांचा. आम्ही कळव्याला राहतो, आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. पैसे भरले तेव्हा दोन-तीनदा जाऊन ती कंटाळेल असंच वाटलं होतं. आठ महिन्यांत सात फेऱ्या झाल्या. एक तिच्या तापामुळे चुकली, तीसुद्धा तिला अजून लागून राहिली आहे.

पहिली फेरी येऊरची, ठाण्याला लागून असलेल्या जंगलातली. पावसाळा संपून गवत कमरेएवढं वाढलेलं. बिबट्या दिसेल का, हाच सगळ्यांचा प्रश्न. आमच्याबरोबरच्या ताईने (तिशीची मुलगी, प्राणिशास्त्र शिकलेली) स्पष्ट सांगितलं, दिसणार नाही आणि दिसू नये हेच बरं. मग तिने ओल्या मातीतला पंजाचा ठसा दाखवला. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. नंतर वारली पाड्याजवळ शेंदूर लावलेल्या वाघोबापाशी, म्हणजे वाघाच्या रूपातल्या देवापाशी थांबलो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. पाड्यातल्या एका आजींनी आम्हाला बसायला घोंगडी दिली. अंधार पडल्यावर पोराला एकटं अंगणात सोडत नाही आणि वाघोबाचा नारळही कधी चुकवत नाही, असं त्या सहज बोलून गेल्या. ताईने आदल्या आठवड्यातच पाड्यात येऊन परवानगी घेतली होती आणि फोटो काढू नका म्हणून आम्हाला बसमध्येच बजावलं होतं. मला या गटाबद्दल विश्वास वाटला तो तिथे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ती फेरी ऐरोलीची. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, एवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं. होडीची वेळ भरतीवर ठरते, हेही माहीत होतं. धक्क्यावर सगळे जमल्यावर ताईने विचारलं, "आज तिथी कोणती?" वीस जणांत कोणालाच सांगता येईना. आई मागून म्हणाली, "एकादशी. माझा उपास आहे."

"मग काकू, अकराचे पाऊणपट करा."

आईने बोटांवर हिशोब केला. "सव्वाआठ."

"सव्वाआठला पूर्ण भरती. खाडीत इतक्या आत पाणी चढायला थोडा वेळ जास्त, म्हणून आपली होडी साडेआठची."

किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशोब करत आले आहेत. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आई चाळीस वर्षं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी, चतुर्थी, प्रदोष बघत आली. त्याच चंद्रावर कळवा पुलाखालचं पाणी चढतं-उतरतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं. होडीत ती बराच वेळ गप्प होती.

होडी तिवरांच्या कडेने गेली. चिखलातून वर आलेल्या मुळांमध्ये निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. त्या बघून एक आगरी काका असे खूश झाले की निवट्यांचं कालवण कसं करतात तेच सांगत बसले. मग पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा दिसला. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. जवळून पाहिल्यावर कळलं की सगळे सारखे नाहीत. छोट्या रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) चोच गडद तांबडी, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. राखाडी दिसत होती ती पिल्लं. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची, आत घेतलेलं पाणी गाळून बाहेर सोडायचं आणि शेवाळ तेवढं ठेवायचं. त्यातल्या रंगद्रव्यामुळेच पिसं गुलाबी होतात. शंभर-दीडशे चोची एकदम पाणी ढवळत असल्याचा बारीक चुबुक-चुबुक आवाज येत होता. ठाणे-बेलापूर रस्त्याने मी अकरा वर्षं ऑफिसला जाते. इतक्या जवळ हे सगळं असतं, याची मला कल्पनाच नव्हती.

आता तक्रार. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा ऐरोली निवडली. त्या वेळी बस एका कुटुंबासाठी चाळीस मिनिटं थांबवली. पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं आणि होडी निघून गेली होती. काठावर नाश्ता करून परत आलो. निम्मे पैसे मिळाले, तेही तीनदा मेल केल्यावर. शिवाय सुरुवातीला "जास्तीत जास्त २०" म्हणाले होते, मार्चपासून आम्ही चौतीस-पस्तीस जण जातोय. मागे उभं राहिलं की काही ऐकू येत नाही. यावर चिडून लिहिलेलं माझं पत्र त्यांच्याकडे आहे; उत्तर नम्र आलं, संख्या कमी झालेली नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात दुसराच माणूस होता. पांडवांनी एका रात्रीत एकाच दगडातून मंदिर घडवलं, हे त्याने असं सांगितलं की जणू तोच इतिहास. मंदिरातच शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. पांडवांची गोष्ट गावाने प्रेमाने जपलेली आहे, ती जरूर सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा. ज्या कारागिरांनी हजार वर्षांपूर्वी वालधुनीच्या काठी हा काळा दगड इतका नाजूक कोरला, त्यांचं श्रेय त्यांच्याकडून काढून घेऊ नका. मी तिथल्या तिथे बोलले. त्याने ऐकून घेतलं, हे नमूद करते.

गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाही, खाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. आई एकेक पायरी भिंतीला हात लावत उतरली. वर शिखर नसल्यामुळे उजेड सरळ पिंडीवर पडतो. तिने बेल वाहिला आणि ती तिथेच बाजूला बसून राहिली. वर आल्यावर म्हणाली, "पाऊस पडला की देवाच्या डोक्यावरच पडत असेल." शिल्पांबद्दल मी चार पानं टिपून घेतली होती, पण घरी आल्यावर शेजाऱ्यांना मी तिचं हेच वाक्य सांगितलं.

ठाणे शहरातली फेरी (कोपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, १८७९ चं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८५३ साली मुंबईहून पहिली आगगाडी जिथे पोचली ते स्टेशन) बरी झाली, पण तीन तासांत खूप कोंबलं होतं. कान्हेरीला मात्र पूर्ण दिवस दिला होता. शंभराहून जास्त लेण्यांपैकी आम्ही जेमतेम बारा पाहिली आणि त्याचं वाईट वाटलं नाही. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी बोटभर रुंदीच्या चरांतून टाक्यांत कसं नेलंय, हे ताईने पाण्याची बाटली ओतून दाखवलं. या टाक्यांना तिथल्या लेखांत 'पोढी' म्हटलंय, आणि दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत. आईचं माहेर कल्याण. "म्हणजे आमच्याकडच्यांनी पाणी दिलं होतं," असं ती परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाली.

कोणी घेणार असेल तर पैसे भरण्याआधी गटात किती जण असतील ते लेखी घ्या, आणि फेरीला नक्की कोण येणार ते विचारा; ताई असेल तर डोळे मिटून जा. ज्येष्ठांसाठी काठी आणि घडीचं स्टूल आपलं आपण न्यावं, बसमध्ये नसतं. उपासाचं खाणंही आपलं आपणच बघावं. त्या एकादशीला आईने राजगिऱ्याच्या दोन लाडवांवर सकाळ काढली.

आम्ही पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. गटाकडून डिसेंबरच्या तारखा अजून आलेल्या नाहीत. आईने पुढच्या महिन्यांचे पंचांग बघून तिच्या वहीत एका रविवारसमोर पेन्सिलीने लिहून ठेवलंय : पंचमी, पावणेचार.